कौल पडला नाही

स्कॅनचा रिपोर्ट आला त्या दिवशी आमच्या देव्हाऱ्यात दिवा लागला नाही. तिन्हीसांजेला मी वात वळली, तेल घातलं आणि काडीपेटी हातात घेऊन तशीच बसून राहिले. माऊलीच्या तसबिरीकडे बघवत नव्हतं. गुंजीची माऊली ही माझ्या माहेरची देवी. मला चालताही येत नव्हतं तेव्हापासून मी आईच्या कडेवरून तिच्या देवळात गेले आहे. दहावीचा निकाल, नोकरीचा कागद, लग्नाची पत्रिका, सगळं आधी तिच्या पायाशी ठेवून मग घरी नेलं आहे. त्या संध्याकाळी तिला विचारावंसं वाटलं, अठ्ठावीस वर्षांच्या बाईनं असं तुझं काय केलं होतं? पण तेही विचारलं नाही. काडीपेटी जागेवर ठेवली आणि आत जाऊन पडले.

मी टिळकवाडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. नवरा संदीप उद्यमबागेतल्या कारखान्यात. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती आणि भाड्याच्या फ्लॅटमधून स्वतःच्या घरात जायचे बेत चालले होते. पाठ दुखायला लागली तेव्हा आम्ही सगळ्यांनी स्कूटरला आणि बेळगावच्या खड्ड्यांना दोष दिला. मी शेक घेतला, पट्टा बांधला, गोळ्या खाल्ल्या. छातीतली गाठ हाताला लागली ती नंतर, आणि तोवर तिची मुळं मणक्यात आणि यकृतात पोहोचली होती. डॉक्टर चांगले होते. त्यांनी संदीपला इंग्रजीत सांगितलं, मग आप्पांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे वळून मराठीत सांगितलं, “हा आजार पूर्ण बरा होणार नाही. जितका लांबवता येईल तितका लांबवायचा.” आप्पांनी आयुष्यभर भातशेती केली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डॉक्टरांना विचारलं, “म्हंजे किती?” डॉक्टर म्हणाले, ते कुणी सांगू शकत नाही. आप्पा टोपी तिथंच विसरून बाहेर आले.

त्यानंतर घरात माणसांची रीघ लागली. कुणी गव्हांकुराचा रस सांगितला, कुणी एका वैद्याचा पत्ता दिला, कुणी म्हणालं घराचं तोंड चुकीच्या दिशेला आहे. शाळेतल्या बाई येऊन “पॉझिटिव्ह राहा हं” असं म्हणायच्या आणि जिन्यात जाऊन रडायच्या. त्यांचा आवाज वर ऐकू यायचा. सगळे माझ्याबद्दल बोलायचे, पण माझ्याशी कुणाला बोलता येईना. आई गुंजीहून येऊन राहिली होती. ती मुकाट्यानं देव्हाऱ्यात दिवा लावायची आणि मी त्या वेळी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. आपण मेलेलोच आहोत, फक्त बाकीच्यांना अजून ते पटलेलं नाही, अशी एक थंड जाणीव तेव्हा माझ्या अंगात वस्तीला आली होती. तिच्याबद्दल मी संदीपलाही कधी सांगितलं नाही.

उपचार कोल्हापुरात सुरू झाले. संदीप रजा काढून गाडीनं न्यायचा, पण एका खेपेला त्याला रजा मिळेना, म्हणून आईला घेऊन मी बसनं गेले. दिवस मे महिन्याचे. सलाइनमधून औषध घेऊन दुपारच्या बसनं आम्ही परत निघालो. कागल मागं पडलं आणि पोटात ढवळायला लागलं. निपाणी जवळ आली तसा खिडकीतून तंबाखूचा उग्र वास आत शिरला आणि मला आवरलं नाही. माझे कपडे, आईचं लुगडं, समोरच्या सीटची पाठ, सगळं भरलं. पुढच्या बाईनं शिव्या घातल्या नाहीत, पण ती तोंड फिरवून उठून गेली. त्या फिरवलेल्या तोंडाचं दुःख ओकारीपेक्षा जास्त होतं. कंडक्टरनं निपाणीच्या स्टँडवर आम्हाला उतरवलं. आई एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मला धरून उभी. तिला निपाणीत कुणी ओळखीचं नव्हतं. मी तिथंच फरशीवर बसले.

तेवढ्यात माझ्या काखेत कुणाचा तरी हात आला. साठीच्या आसपासची एक बाई होती, कपाळाला विभूतीची रेघ, हिरव्या काठाचं इरकली लुगडं. आमच्याच बसमधून उतरली होती. तिनं माझ्या काळ्या पडलेल्या नखांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “कितवा डोस गं ह्यो?”

आई म्हणाली, “आमी जातो हो हळूहळू. बेळगावला जायाचं हाय.”

“कुठं जातासा? पोरीला उभं ऱ्हायला येत न्हाय. माझं घर हितंच हाय, गिरणीच्या मागं. चला.”

तिनं परवानगी विचारलीच नाही. रिक्षा थांबवली, मला आत बसवलं आणि माझं घाण झालेलं डोकं स्वतःच्या खांद्यावर टेकवून घेतलं. तिचं नाव गिरिजा. सगळी गल्ली तिला गिरिजाक्का म्हणायची. घर कानडी, पण निपाणीतली बाई; मराठी तिच्या तोंडात कानडीइतकीच घरची होती. पुढं पिठाची गिरणी, मागं दोन खोल्या आणि परस. गिरणीच्या घरघरीत, ताज्या ज्वारीच्या पिठाच्या वासात मला पहिल्यांदा बरं वाटलं. तिची सून शैला हिनं पाणी तापवलं. आक्कानं स्वतः मला न्हाऊ घातलं. माझं केस गेलेलं डोकं, छातीवरचे व्रण, पाठीची हाडं, हे आईशिवाय आणि संदीपशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं. तिनं ते रोजच्या भांड्यासारखं धुतलं. मग तिच्या सुनेचा सैलसर झंपर आणि परकर घालून मला बसवलं आणि वाटीत गार आंबील दिली. तोंडात फोड होते. पण नाचणीची ती ताकातली आंबील जिभेवरून सरळ खाली गेली.

“आक्का, तुम्हाला कसं कळलं?” आईनं विचारलं.

“मला पण हाय की. तेच. हाडात गेलंया, मणक्यात आणि खुब्यात. आज इंजेक्शनाला गेलतो.” आमच्या भागात बायका अशाच बोलतात, गेलतो, आलतो. तिनं हे “मला साखर हाय” म्हणावं तसं सांगितलं.

माझ्या तोंडून निघालं, “कधीपासून?”

तिनं बोटांवर हिशेब केला नाही. शैलाकडे बघून म्हणाली, “ही लगीन करून ह्या घरात आली, तवा माझं निघालं. आता हिचा पोरगा शाळंला जातोय.”

मी त्या बाईकडे बघत राहिले. माझा आजार असलेलं माणूस माझ्यासमोर पाटावर बसून लसूण सोलत होतं. डॉक्टरांचे आकडे मी ऐकले होते, मोबाइलवर वाचले होते. त्यातल्या एकाही आकड्यानं कधी लसूण सोलला नव्हता. मी त्या दिवशी रडले. आजार कळल्यापासूनचं ते पहिलं रडणं. आक्कानं गप्प बस म्हटलं नाही. ती लसूण सोलत राहिली आणि माझं झाल्यावर म्हणाली, “आता नीज जरा. माझा ल्योक पाचच्या बसला बसवून देतोय.”

देवानं धाडलेलं माणूस, असं आई बसमध्ये म्हणाली. माझ्याजवळ त्या वेळी देवाला द्यायला काही नव्हतं, श्रेयसुद्धा नाही.

त्यानंतर कोल्हापूरहून येताना निपाणीला उतरायचं हे ठरून गेलं. संदीपही गिरणीच्या मागच्या त्या खोलीत जेवायला लागला. आक्का फोनवर रोज बोलायची आणि आजाराबद्दल क्वचितच बोलायची. आज काय खाल्लंस, शाळेतली पोरं काय म्हणतात, पाऊस आला का तिकडं. पण रात्रभर हाडं ठणकून सकाळी फोन केला, की माझ्या “हॅलो”वरूनच ती म्हणायची, “लई दुखालंय न्हवं?” बस्. त्या तीन शब्दांत मला एकटीला जे उचलत नव्हतं ते दोघींत वाटलं जायचं.

आणि तरीही वाईट दिवस आलेच. पुढच्या स्कॅनमध्ये यकृतातले डाग वाढलेले निघाले. सोसलेलं सगळं, केस, नखं, तोंडातले फोड, वांत्या, सगळं फुकट गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, दुसरं औषध आहे. उपयोग होईल असं वचन देता येणार नाही, त्रास मात्र जास्त होईल. मी घरी येऊन सांगितलं, “बास. आता मला काही नको.” संदीप भिंतीला टेकून उभा राहिला. आप्पा नव्या तांदळाची पिशवी घेऊन गुंजीहून आले होते. ते हॉलमध्ये बसले आणि पिशवीत हात घालून तांदूळ नुसते चाळत राहिले. कुणालाच मला आग्रह करवेना आणि माझं म्हणणं मान्यही करवेना. मी फोन बंद करून ठेवला.

संदीपकडून कळल्यावर गिरिजाक्का तिसऱ्या दिवशी काठी टेकत आमचा जिना चढून आली. खुब्यातल्या दुखण्यानं तिला पायरीगणिक थांबावं लागत होतं. ते मी वरून बघत होते आणि मला तिचा रागही येत होता. ती येऊन माझ्या पलंगाच्या कडेला बसली. आता समजूत घालणार, असं मला वाटलं. ती म्हणाली, “थांबायचं असलं तर थांब गं. कोण धरून ठेवणार तुला? पण कटाळून थांबू नको. आधी खा, नीज. मग ठरवून थांब.”

“ठरवता येत नाही, आक्का,” मी म्हटलं. “तेच तर येत नाही.”

आई दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, “मग माऊलीला कौल लावूया. ती सांगंल तसं.”

आमच्याकडे घरातला मोठा प्रश्न देवीपुढं ठेवतात. गुरव मूर्तीवर ओल्या फुलाच्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विज्ञान शिकवणारी मी. पण खरं सांगते, मला हायसं वाटलं. उजवा कौल आला तर औषध घ्यायचं, डावा आला तर थांबायचं. माझ्या मरणाचा निर्णय माझ्याकडून काढून कुणीतरी घ्यावा, एवढीच तेव्हा माझी भक्ती उरली होती.

आक्का म्हणाली, “मी पण येतो.”

आम्ही रेल्वेनं गेलो. आई, संदीप, आक्का आणि मी. खानापूर सोडलं की दोन्ही बाजूंनी झाडी दाटत जाते. मी संदीपच्या खांद्यावर डोकं टेकून ती झाडी शेवटची बघावी तशी बघत होते. गुंजी स्टेशनवर आप्पा गाडी घेऊन आले होते. देवळात मला उभं राहता येईना, म्हणून गाभाऱ्यासमोर चटईवर बसवलं. शेजारी आक्का बसली. गुरवानं पाकळ्या लावल्या, पाणी शिंपडलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं. “बाय माऊली, ही तुझी लेक तुझ्या पायाशी आलीया. तिच्या जिवाला दुखणं लागलंया. औषध घ्यावं का न घ्यावं, तूच उजवं-डावं करून दाव.”

पाकळ्या हलल्या नाहीत. आम्ही वाट बघितली. गुरवानं पुन्हा गाऱ्हाणं घातलं, मग आणखी एकदा. मागं दुसरी माणसं येऊन उभी राहिली, त्यांच्यातलं लहान मूल कुरकुरायला लागलं. आईनं पदर पसरला. “दे गं माऊली, कायतरी दे. उजवा दे न्हायतर डावा दे, पण दे.” डावा मागताना तिचा आवाज फाटला. ज्या आईनं माझ्यासाठी सगळे नवस बोलले, ती आता माझं थांबणंही पदरात घ्यायला तयार झाली होती. पाकळ्या दगडाला चिकटलेल्या, जशाच्या तशा.

दिवा न लावल्याच्या त्या संध्याकाळनंतर मी देवीच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही आणि सांगून कुणाला पटवायचंही नाही. प्रकाश दिसला नाही, आवाज आला नाही. फक्त इतके दिवस पोटात आवळून धरलेली एक मूठ सुटली. उत्तर मिळालं तरी मी तिचीच, न मिळालं तरी तिचीच. मग मागायचं काय? मी आईचा हात धरला. “असू दे, आई. नको विचारू. असू दे आता.”

गुरव म्हणाला, “कवा कवा देत न्हाय, बाय. तिचं तिला ठावं.” त्यानं पाकळ्या काढून माझ्या ओटीत घातल्या.

बाहेर ओट्यावर आक्कानं विचारलं, “मग?”

“जाऊ कोल्हापूरला,” मी म्हटलं. “औषध घेऊन बघू. नाही लागू पडलं तर थांबू.”

“भूक लागली?”

“लागली,” मी म्हटलं आणि ते खरं होतं. आईनं आणलेली भाकरी आणि वांग्याची भाजी आम्ही सगळ्यांनी तिथंच ओट्यावर बसून खाल्ली.

नव्या औषधानं माझे फार हाल केले. पण पुढच्या स्कॅनमध्ये डाग वाढलेले नव्हते, त्याच्या पुढच्या वेळी थोडे लहान झालेले होते. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडतंय, आजार आत्ता झोपलाय. देवीमुळं की औषधामुळं, असं मला काही जण विचारतात. मी उत्तर देत नाही. त्या औषधापर्यंत मला कुणी नेलं, हे मात्र मला ठाऊक आहे. मी पुन्हा शाळेत जायला लागले, आधी दोन तास, मग अर्धा दिवस.

त्याच सुमारास गिरिजाक्काचं सगळं बिघडायला लागलं. इतकी वर्षं हाडात मुकाट बसलेला आजार तिच्या फुप्फुसात उतरला. तिचे फोन तोकडे होत गेले, धाप लागायची. मी आणि संदीप निपाणीला गेलो तेव्हा ती मागच्या खोलीत उशांना टेकून बसली होती, अर्धी उरलेली. गिरणी त्या दिवशी बंद ठेवली होती. मला बघून हसली आणि माझ्या डोक्यावर आलेल्या बोटभर केसांवरून हात फिरवायला गेली. हात वरपर्यंत पोहोचला नाही. मी डोकं खाली केलं.

मला तिथं बसवेना. हिनंच मला जगता येतं हे दाखवलं होतं. आता हीच चालली, तर त्या दाखवण्याचं काय? हा प्रश्न माझ्या तोंडावर तिला दिसला असावा. ती सुनेला म्हणाली, “शैला, पूजेचं आण.” ती लिंगायत. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन रोज पूजा करायची आणि त्यावर नजर लावून बसायची. शैलानं पाणी, विभूती, एक फूल आणून ठेवलं. आक्कानं लिंग तळहातावर घेतलं. पण हात धरवेना. तो खाली खाली येत होता, ती पुन्हा उचलत होती. शैला तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

मी विचारलं, “आक्का, मी धरलं तर चालेल का?”

तिनं श्वास जमवला. “तू हात धर. देव मी धरतो.”

मी माझे दोन्ही हात तिच्या मनगटाखाली धरले. तिचा हात वाळल्या काडीसारखा हलका होता. तिनं तळहातावरच्या लिंगाला पाणी घातलं, विभूती लावली, फूल वाहिलं आणि बघत राहिली. तिची धाप मंदावली. किती वेळ गेला कोण जाणे. माझे हात भरून आले तरी मी हलले नाही. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. दुखत होतं, ते दिसत होतं; पण ती दुखण्यात नव्हती, ती तिथं होती, हाताच्या तळव्यावर. आणि मी तिचं मनगट धरून होते, म्हणून मलाही त्यातलं काहीतरी मिळालं. माझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मिळालं नाही. प्रश्नच मागं राहून गेला.

थोड्याच दिवसांत शैलाचा फोन आला. आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणात त्यांच्या रीतीप्रमाणे आक्काला बसवलेलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार, आणि कानडी भजन चाललेलं. गल्लीतली सगळी माणसं होती. आई आक्काच्या पायाशी बसली आणि सख्ख्या बहिणीसाठी रडावं तशी रडली. मला वाटत होतं मी कोसळेन. कोसळले नाही. शैलाच्या शेजारी उभी राहिले आणि तिची पाठ धरून राहिले.

माझा आजार गेलेला नाही. डॉक्टरांनी त्या पहिल्या दिवशी सांगितलं ते अजून खरंच आहे आणि झोपलेलं कधीतरी उठतं, हे मी आक्काच्या खोलीत पाहिलं आहे. देव आजार काढून टाकतो, अशी माझी श्रद्धा होती, ती गेली. त्या जागी जे आलं आहे त्याला मला नाव देता येत नाही. निपाणीच्या स्टँडवर माझ्या काखेत आलेला हात कुणाचा होता, हे मी आता माऊलीला विचारत नाही. तिचे आभार मानते आणि गिरिजाक्काचेही, आणि ते दोन वेगळे आभार आहेत असं मला वाटत नाही.

परवा पुन्हा स्कॅन आहे. संदीपनं रजा टाकली आहे. आई सकाळपासून काहीतरी पुटपुटते आहे, नवस असेल, मी विचारलेलं नाही. रिपोर्ट काय येईल ते माझ्या हातात नाही. जे येईल ते घेऊन आम्ही संध्याकाळी घरी येऊ, आणि दिवेलागणीला मी दिवा लावून देव्हाऱ्यासमोर बसेन.